जावईबापूंनी बंद केलेली फाईल

आमच्या कॉलेजात एक फाईल सगळ्यांची होती आणि त्याचा मला मनस्वी राग यायचा.

फाईल म्हणजे कागदांची नव्हे. सौंसरच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरची एक खोली आहे. मी तिची प्रमुख, म्हणजे तिथं काही बिघडलं की पहिलं नाव माझं निघतं. त्या सगळ्या खोलीला मिळून इंटरनेटची एकच लाईन. ती आधी खिडकीजवळच्या एका जुन्या मशीनमध्ये येते आणि तिथून बाकीच्यांना मिळते. त्या मशीनला आणि तिच्यावर चालणाऱ्या प्रोग्रामलाही आम्ही प्रॉक्सी म्हणतो. एखादं पान एकदा आणलं की ती ते साठवून ठेवते आणि दुसऱ्यानं मागितलं की बाहेर न जाता जवळचंच काढून देते. कोणाला आत घ्यायचं, कोणाला कुठं जाऊ द्यायचं, तेही तीच ठरवते. आणि ठरवते कशावरून, तर एका कॉन्फिगरेशनच्या फाईलवरून. त्या फाईलमध्ये लिहिलं तो तिचा कायदा.

हा कायदा आमच्याकडे कोणीही बदलायचं. अशी फाईल कोण वाचणार आणि कोण बदलणार हे तीन आकड्यांनी ठरतं. पहिला आकडा मालकाचा, दुसरा त्याच्या गटातल्यांचा, तिसरा उरलेल्या साऱ्या जगाचा. आमच्या फाईलचे आकडे होते सात, सात, सात. म्हणजे या, बसा, वाटेल ते खोडा. खेळाच्या सरांनी तिच्यात क्रिकेट घुसवलं होतं, ऑफिसातल्या बाबूंनी स्वतःचा मोबाईल. मी प्राचार्यांकडं तक्रार नेली की ते हसायचे. "मॅडम, आपलीच तं माणसं हायेत. काहून कोणाले नाई म्हणता?"

त्यांचंही खरं म्हणा. आमच्या पांढुर्ण्याच्या घराला माझी आई आजही कुलूप लावते आणि किल्ली समोरच्या किराणा दुकानात ठेवते. कोणी पाहुणा आला तर बिचारा उन्हात उभा नको. घरासाठी हे ठीक आहे, पण प्रॉक्सीच्या मशीनला पाहुणचार कळत नाही. हे मी इतक्यांदा बोलले की शेवटी बोलणं सोडून दिलं.

मग अधिक महिना आला.

अधिक महिना म्हणजे आमच्याकडं धोंड्याचा महिना, अर्थात जावयांचा महिना. मुलीला आणि जावयाला घरी बोलवायचं, लक्ष्मी-नारायण समजून त्यांचे पाय धुवायचे, पुरण भरलेले धोंडे जेवू घालायचे, वर अनारशांचं वाण द्यायचं. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना सगळा गाव काकाजी म्हणतो. त्यांचे जावई पुण्याला कॉम्प्युटरच्या मोठ्या कंपनीत. ते धोंड्यासाठी आले तर काकाजींनी त्यांना आदल्या दिवशी कॉलेज दाखवायला आणलं. सोबत प्राचार्य, बाबू, खेळाचे सर, सगळी वरात. माझी खुर्ची मी उठून दिली.

जावईबापूंनी फाईलचे आकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "सात-सात-सात? हे तर दार उघडं टाकून गावाला जाण्यासारखं आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. हेच मी इतकी वर्षं सांगत होते तेव्हा एकाचीही मान हलली नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण जावई बोलत होता.

त्यांनी पटापट सगळं बंद केलं. त्या फोल्डरमधली प्रत्येक फाईल आता फक्त मशीनच्या मालकाला दिसणार, म्हणजे रूट नावाच्या खात्याला. बाकी कोणालाही नाही. त्या रूटचा पासवर्डही त्यांनी नवा केला, कोणाला न सांगता. मशीन सुरू करताना मागच्या दारानं शिरता येतं, तिथंही पासवर्ड टाकला. त्यातली एक फाईल मात्र वेगळी होती. मुलं-मास्तर आपापल्या पासवर्डनं प्रॉक्सीतून जातात, त्या पासवर्डची ती फाईल. ती तपासणारा छोटा प्रोग्राम मालकाच्या नावानं चालत नाही, त्याचं साधं वेगळं नाव असतं. त्याला ती वाचता आली पाहिजे.

मी म्हटलं, "ही फाईल प्रॉक्सीच्या गटाला वाचू द्या. नाहीतर प्रॉक्सी अडेल."

"मॅडम, सिक्युरिटीत अपवाद ठेवायचे नसतात," ते म्हणाले. उद्धटपणे नाही, शांतपणे म्हणाले. काकाजींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी जावयाला गार चहा दिला आहे. प्रॉक्सी तर चालूच होती. तिनं ती फाईल सकाळीच वाचून मनात ठेवली होती, पुन्हा वाचायची वेळ आली नव्हती. पण हे सांगायला मला तोंड कोण देतं? "पाहा, चालून राहिलं न," प्राचार्य म्हणाले आणि सगळे चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याहून बसनं पोचले तर कॉलेजात लाईट नव्हती. सकाळी गेली होती, मी आले तेव्हा नुकतीच परत येत होती. मशीन सुरू केली. प्रॉक्सी उठली आणि पडली. पुन्हा उठवली, पुन्हा पडली. कारण मला पाठ होतं. पासवर्ड तपासणारा तो छोटा प्रोग्राम फाईल मागत होता, फाईल त्याला दार उघडत नव्हती, आणि तो मरत होता. तो मेला की प्रॉक्सीही हात टेकत होती. दोन ओळींचं काम होतं. पण त्या दोन ओळी लिहायला रूटचा पासवर्ड हवा होता आणि तो जगात एकाच माणसाच्या डोक्यात होता.

एरवी मी म्हटलं असतं, राहू द्या, बसा एक दिवस बिनइंटरनेटचे. पण तो दिवस नेमका प्रवेशाच्या शेवटच्या फेरीचा शेवटचा होता. आमचं कॉलेज प्रवेशाचं मदत केंद्र. मुलांची कागदपत्रं आम्ही तपासायची आणि केंद्राच्या लॉगिननं मान्य करायची, तेव्हा त्यांची निवड पक्की होते. ते लॉगिन फक्त आमच्याच लाईनवरून उघडतं. लाईन काढून सरळ दुसऱ्या मशीनला जोडायची म्हटलं तर तिची मांडणीही त्याच बंद मशीनमध्ये. इंटरनेटवाल्या कंपनीला फोन लावला, तो लागेना. बाकी सगळी मुलं आधीच्या दिवसांतच उरकून गेली होती. एकच मुलगी उरली होती, आणि ती आईसोबत बाकावर बसलेली होती.

मुलगी लोधीखेड्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली, बारावीच्या सुट्टीत माझ्याकडं कॉम्प्युटर शिकलेली. तिच्या एका दाखल्यावर नाव चुकलं होतं, ते सुधारून दाखला आदल्या संध्याकाळीच हातात आला होता. तिला नर्सिंगला छिंदवाड्याला जागा मिळत होती. पाचच्या आत कागद मान्य झाले तर जागा तिची, नाहीतर गेली. पुढची फेरी नव्हती.

आई माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात बोलली. तिचं माहेर तिगावचं, म्हणजे पांढुर्ण्याजवळचंच, म्हणून ती माझ्याशी मोकळी होती. "मॅडम, हिच्या बापाले सौंसरचंच कालेज पायजे. होस्टेल नको म्हणते. आम्ही दोघी धोंड्याच्या सामानाले चाललो असं सांगून आलो. आज झालं तं झालं. उद्यापासून तो मले घराबाहेर निघू देणार नाई." मग म्हणाली, "अन आमच्या घरीबी जवाई येऊन राहिले संध्याकाळी. मोठीचे. पुरणाची डाळ शिजवून तशीच टाकून आली मी."

मी जावईबापूंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. काकाजींच्या घरी लावला. सुनेनं उचलला. मागं टाळ्या नि आरतीचा आवाज. "मॅडम, पूजा चालू हाये. मग जेवणं. तुम्ही उद्या पाहा न."

प्राचार्यांकडं गेले. ते खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "म्हणजे आज मी काकाजीच्या घरी जाऊ, अन पाटावर बसलेल्या जवायाले सांगू का तुम्ही केलेलं काम बिघडलं? नाई मॅडम. हे काम माह्यानं होणार नाई."

"मग मी जाते."

"तुम्ही कायले जाता? एकच तं पोरगी हाये."

हे ऐकलं आणि माझा उरलासुरला संयम संपला. मी काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण बाबूंनी दार लोटून घेतलं होतं एवढं आठवतं. मी पर्स उचलली आणि निघाले. मायलेकी माझ्यामागं आल्या. या म्हणाले नव्हते, पण थांबा असंही म्हणाले नाही.

काकाजींच्या ओसरीत चपलांचा ढीग होता. तळणाचा वास रस्त्यापर्यंत. आत बैठकीच्या खोलीत रांगोळीनं वेढलेले दोन पाट, एकावर जावई, एकावर काकाजींची मुलगी, दोघांच्या कपाळावर ताजं कुंकू. जेवण सुरू झालं होतं. सासूबाई, म्हणजे काकू, स्वतः तूप वाढत होत्या. शेजारी तांब्याच्या ताटात अनारसे झाकून ठेवलेले. मी दारात उभी राहिले आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

"मॅडम," काकाजी म्हणाले, "या, जेवून जा." आवाजात निमंत्रण होतं, डोळ्यांत नव्हतं.

आता बोलायचं कसं, हा खरा पेच होता. जावयाची चूक म्हटली की सगळं संपलं. माझं तोंड मला ठाऊक आहे, ते एकदा सुटलं की धरून ठेवता येत नाही. मी सगळी शक्ती लावून म्हटलं, "जावईबापूंचं काम चोखच होतं. फक्त सकाळी लाईट गेली, मशीन पुन्हा चालू झाली, आणि पासवर्ड तपासणाऱ्या प्रोग्रामला त्याची फाईल वाचता येत नाही. प्रॉक्सी उठते आणि पडते."

जावईबापूंचा घास हातातच राहिला. ते हुशार होते, त्यांना एका वाक्यात कळलं. आणि हेही आठवलं की काल कोणीतरी हे सांगितलं होतं. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी पाटावर हात टेकला, उठायला लागले.

"अर्ध्या ताटावरून?" काकू ओरडल्याच. काकाजींचा हात जावयाच्या खांद्यावर आला. "जेवण होऊ द्या. मग वाण, मग आहेर. मग मी गाडीनं पाठवतो. घाई कायची हाये?"

जेवण, वाण, आहेर, आणि मग गाडी. भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. तेवढ्यात पाच वाजून जाणार होते. मी काही बोलणार तर माझ्यामागून आवाज आला.

"काकाजी, माह्या घरीबी आज नारायण येऊन राहिले."

मुलीची आई. पदर घट्ट धरलेला, नजर जमिनीवर, पण आवाज सरळ. "मोठ्या पोरीचा नवरा. मी डाळ चुलीवरून उतरवून तशीच आली. त्याले आल्यावर पाणी द्यायले घरी बाई नाई. मले माहीत हाये जवायाले असं ठेवत नसतात. पण तो संध्याकाळी जेवन, नाई तं राती जेवन. या पोरीचं पाचनंतर काई नाई."

 काकूंच्या हातातलं तुपाचं भांडं तसंच राहिलं. मला भीती वाटली की काकाजी आता भडकणार. ते भडकले नाहीत, पण जावयाच्या खांद्यावरून हातही काढला नाही. उठू मात्र देणार नव्हते.

"पासवर्ड सांगा," मी म्हटलं. "मी करते."

जावईबापूंनी माझ्याकडं पाहिलं, मग इतक्या सगळ्या पाहुण्यांकडं. "असा सगळ्यांसमोर कसा सांगू?" त्यांचं चुकत नव्हतं. त्यांचा तोच तर धंदा.

तेव्हा त्यांची बायको, काकाजींची मुलगी, पहिल्यांदा बोलली. "माह्या कानात सांगा. मी मॅडमले सांगते."

पाटावर बसल्या बसल्या तिनं मान वाकवली. ते तिच्या कानाशी बराच वेळ बोलत होते, कारण तो पासवर्ड काही साधा नव्हता. पाहुणे छताकडं पाहू लागले. एक म्हातारी हसली. मग काकाजींच्या मुलीनं मला बोटानं बोलावलं. तीही पाटावरची लक्ष्मी, तिलाही उठता येत नव्हतं. मी रांगोळी चुकवत तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिनं माझ्या कानात एकेक अक्षर सांगितलं, मोठं कोणतं, लहान कोणतं, मध्ये आकडा कुठं. मी तिच्या कानात परत म्हणून दाखवलं. तिनं मान डोलावली. कोणी काही बोलायच्या आत मी दाराबाहेर होते.

वाटेत मायलेकींना मी एक शब्द बोलू दिला नाही. आई म्हणाली, "मॅडम, ते लोक..." आणि मी तिला हातानं गप्प केलं. पासवर्ड डोक्यात घट्ट धरून मी चालत होते. बाजारात एक ओळखीचे मास्तर आडवे आले, हात जोडून "काय म्हणता?" म्हणाले. मी त्यांच्याकडं नुसतं पाहून पुढं गेले. ते अजून त्याबद्दल नाराज आहेत.

पहिल्यांदा पासवर्ड चुकला. घाईत मोठं-लहान अक्षर बदललं होतं. दुसऱ्यांदा एकेक बोट दाबून टाकला आणि मशीननं मला आत घेतलं. फोल्डरात शिरायला प्रॉक्सीच्या गटाला वाट दिली. मग पासवर्डची फाईल. मालक रूटच. गट प्रॉक्सीचा. मालकानं वाचावं-बदलावं, गटानं फक्त वाचावं, जगानं काही करू नये. सहा, चार, शून्य. जावयाचं सगळं बंदही नको आणि आमच्या लोकांचं सगळं उघडंही नको. मग प्रॉक्सी पुन्हा सुरू केली आणि पडद्यावर डोळे लावले.

उठली. आता पडेल, असं वाटलं. पडली नाही. आणखी थोडं थांबले, तरी नाही पडली.

केंद्राचं लॉगिन उघडलं तर ते पान येता येईना. शेवटच्या दिवशी सगळ्या राज्याला तेच पान हवं असतं. गोल गोल फिरणारी खूण आम्ही तिघी पाहत बसलो. मुलगी नखं खात होती, मी तिच्या हातावर चापट मारली. मला तिची काहीच चीड नव्हती, पण ती चापट कुठंतरी द्यायचीच होती. पान आलं. दाखला तपासला, नाव जुळलं, मान्य केलं. तिच्या मोबाईलवर ओटीपीचे आकडे आले, ते तिनं आपल्या पासवर्डसोबत टाकले आणि निवडीवर कुलूप लागलं. घड्याळात अजून पाच व्हायचे होते. मिनिटं फार नव्हती, पण होती.

काकाजी मग बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मात्र त्या फाईलचे आकडे पुन्हा कोणी बदलायला सांगितले नाहीत. खेळाच्या सरांनी एकदा विषय काढला, तर प्राचार्यच म्हणाले, "ते जवाईबापूनं करून ठेवलं हाये. हात नको लावू." माझ्या सहा-चार-शून्याचं श्रेय जावयाला गेलं आणि मी ते जाऊ दिलं, कारण त्यामुळंच ते टिकलं.

पण मला त्या दिवसातलं जास्त आठवतं ते बसस्टँड. मी मायलेकींसोबत तिथवर गेले. लोधीखेड्याकडची बस अजून लागायची होती. आईनं एका दुकानातून गूळ घेतला, सामानाला गेलो होतो म्हणून दाखवायला काहीतरी हवं. मग ती माझ्याकडं वळली.

"मॅडम, आता हे कोणी मागून बदलवू शकत नाई न?"

"तिचा पासवर्ड असल्याशिवाय नाही," मी म्हटलं. "प्रवेश रद्द करायचा तरी तोच लागतो."

 रात्री घरी काय होणार, हे ती मनात पाहत असावी. मग मुलीला म्हणाली, "तो पासवर्ड कोणाले सांगू नको. तुह्या बापालेबी नको."

"नाई सांगत."

"भाऊजी विचारतीन, त्यांलेबी नको."

"नाई म्हणलं न, आई."

बस आली. लोक दाराशी गर्दी करू लागले. आईनं गुळाची पिशवी एका हातात घेतली आणि दुसऱ्या हातानं मुलीचं मनगट धरलं.

"अन मले तं मुळीच नको सांगू," ती म्हणाली. "मी सांगून देईन."

मुलगी तिच्याकडं पाहत राहिली. मग तिनं मोबाईल ओढणीत गुंडाळला आणि दोघी बसमध्ये चढल्या.